एक ग्रंथ, एक उघडे पान

आमच्या घराण्यात खापरपणजोबांच्या हातचा एक योगसंग्रह आहे. हातकागदाची सुटी पाने, वर-खाली दोन लाकडी फळ्या आणि त्यांवर गुंडाळलेले लाल बासन. पहिली चार पाने गहाळ आहेत. शेवटची किती गेली, हे सांगता येत नाही. त्यामुळे लेखनाचा शक नाही आणि लेखकाचे नावही नाही. घरातील जुन्या हिशेबाच्या कागदांवरील अक्षराशी ताडून ते खापरपणजोबांचे, एवढेच आम्ही मानत आलो आहोत. काही वर्षांपूर्वी आमच्या जिल्ह्यातील वैद्यांच्या वार्षिक संमेलनात हा संग्रह मांडावा, ही कल्पना माझीच. काचेच्या झाकणाची पेटी आणली, आत मखमल अंथरली, पोथी बासनासह ठेवली आणि शेजारी ‘दुर्मिळ हस्तलिखित’ अशी पाटी लावली.

दोन दिवसांत शेकडो मंडळी त्या पेटीवरून गेली. प्रत्येकाने हात जोडले आणि पुढच्या टेबलावरील औषधी कंपन्यांच्या नमुन्यांकडे मोर्चा वळविला. यात काय लिहिले आहे, असे एकानेही विचारले नाही. दोष पाहणाऱ्यांचा खचितच नव्हता. बांधलेल्या बासनाला नमस्काराखेरीज दुसरे काय करता येणार?

हे शल्य मनात असतानाच २०१६ साली अमेरिकेत झालेल्या एका ग्रंथप्रदर्शनाची माहिती वाचनात आली. ग्रंथ वैद्यकाचा नव्हे, नाटकांचा. तथापि एका दुर्मिळ पुस्तकाभोवती संग्रहालये आणि ग्रंथालये काय उभे करू शकतात, याचे इतके बोलके उदाहरण मला दुसरे आढळले नाही. आपल्या त्रैमासिकात नाट्यविषयक लेख कशासाठी, अशी शंका ज्या वैद्यबंधूंना येईल त्यांनी थोडा धीर धरावा. वाट शेवटी आपल्याच खलबत्त्यापाशी येते.

तो ग्रंथ म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांचा ‘फर्स्ट फोलिओ’. शेक्सपिअर १६१६ साली निवर्तला. त्याच्या हयातीत त्याची निम्मी नाटके छापलीच गेली नव्हती. जॉन हेमिंग्ज आणि हेन्री कॉन्डेल या त्याच्या दोन सहकारी नटांनी मित्राची ३६ नाटके गोळा करून १६२३ साली लंडनमध्ये एका मोठ्या ग्रंथात छापून घेतली. त्यांपैकी १८ नाटके त्यापूर्वी कधीच छापलेली नव्हती. ‘मॅक्बेथ’, ‘द टेंपेस्ट’ आणि ‘ज्युलिअस सीझर’ ही त्यांतलीच. या दोघांनी खटपट केली नसती तर ही नाटके बहुधा नष्ट झाली असती. सुमारे ७५० प्रती निघाल्या असाव्यात असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आज त्यांपैकी सुमारे २३५ ठाऊक आहेत. २०२० साली एक प्रत लिलावात जवळजवळ १ कोटी डॉलरला विकली गेली.

यांपैकी ८२ प्रती एकट्या वॉशिंग्टनच्या फोल्जर ग्रंथालयात आहेत. हेन्री फोल्जर हा तेल कंपनीतील मोठा अधिकारी. त्याने आणि त्याची पत्नी एमिली हिने आयुष्यभर हा एकच छंद केला. १९३२ साली ग्रंथालय उघडले तेव्हा हेन्री हयात नव्हता. एकाच पुस्तकाच्या ८२ प्रती कशाला हव्यात, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे उत्तर पुढे येईल.

शेक्सपिअरच्या मृत्यूला ४०० वर्षे झाली त्या २०१६ साली फोल्जर ग्रंथालयाने सिनसिनाटीचे संग्रहालय केंद्र आणि अमेरिकन ग्रंथालय संघटना यांच्या सहकार्याने यातील १८ प्रती प्रवासाला काढल्या. वर्षभरात अमेरिकेच्या ५० ही राज्यांत, राजधानी वॉशिंग्टनमध्ये आणि पोर्तो रिकोमध्ये हा ग्रंथ गेला. कोठे विद्यापीठात, कोठे सार्वजनिक ग्रंथालयात, तर कोठे संग्रहालयात. ओक्लाहोमा राज्यात त्याचा मुक्काम चक्क निसर्गविज्ञानाच्या संग्रहालयात होता. नऊशेंहून अधिक पृष्ठांचे हे पुस्तक सर्वत्र एकाच जागी उघडलेले असे. पान ‘हॅम्लेट’मधले, जगणे आणि मरणे यांतून निवड करू पाहणाऱ्या राजपुत्राचे प्रसिद्ध स्वगत ज्यावर आहे ते.

हे एकच पान मला फार महत्त्वाचे वाटते. आपण प्रदर्शन म्हटले की ग्रंथांची रांग लावतो. तेथे एक पुस्तक, त्याचे एक पान, आणि बाकीचा सारा खर्च व श्रम त्या पानापर्यंत माणसाला कसे आणावे यासाठी. यजमान संस्थेने व्याख्याने, शिक्षकांसाठी कार्यशाळा, मुलांसह कुटुंबांसाठी दिवस, असे कार्यक्रम योजावेत अशी अपेक्षाच होती. मात्र ते कसे करावेत याचा साचा वरून दिलेला नव्हता. परिणामी गावागणिक रंग निराळा. न्यू ऑर्लीन्स शहरात मृताला वाजतगाजत निरोप देण्याची परंपरा आहे. तेथील ट्युलेन विद्यापीठाने ४०० वर्षांपूर्वी मेलेल्या नाटककाराची तशीच वाजतगाजत अंत्ययात्रा काढली! सॅन डिएगोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने शहरातील ओल्ड ग्लोब नाट्यगृहाला सोबत घेतले.

राजधानीतला मुक्काम मला सर्वांत मोलाचा वाटतो. तो मान गॅलॉडेट विद्यापीठाला मिळाला. १८६४ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ कर्णबधिर विद्यार्थ्यांचे. शेक्सपिअर म्हणजे शब्दांचा नाद, असे आपण ऐकत आलो; तेथे तोच शेक्सपिअर हातांच्या खुणांच्या भाषेत उभा राहिला आणि कर्णबधिर नटांच्या परंपरेची माहिती प्रदर्शनाचा भाग बनली. पुस्तक तेच, पान तेच. पण ज्या समाजाला ते आपले नाही असे सहज म्हणता आले असते, त्याने आपल्या हातांनी ते वाचले.

आता आपल्या शास्त्राकडे वळू. हॅम्लेटच्या त्या पानाशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. गोपाळ गणेश आगरकरांनी या नाटकाचे मराठी रूपांतर केले आणि त्याला नाव दिले ‘विकारविलसित’. ‘विकार’ हा शब्द वाचताच वैद्याचे कान टवकारले पाहिजेत. आगरकरांच्या मनात मनोविकारच होते हे उघड आहे. पण शेक्सपिअरच्या काळचा प्रेक्षक हॅम्लेटकडे जवळजवळ रुग्ण म्हणूनच पाहत असे. त्याच्या औदासीन्याला त्या काळचे वैद्य ‘काळ्या पित्ता’चा प्रकोप म्हणत. टिमथी ब्राइट या लंडनच्या वैद्याने १५८६ मध्ये या विकारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला होता, आणि फोलिओच्या आधी दोनच वर्षे, १६२१ साली, रॉबर्ट बर्टनचा त्याच विषयावरील प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध झाला.

याच विषयावर अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने फोल्जर ग्रंथालयाच्या साहाय्याने २०१२ साली एक स्वतंत्र फिरते प्रदर्शन सिद्ध केले: शेक्सपिअर आणि चार ‘ह्यूमर’. युरोपीय वैद्यकात गॅलेनच्या परंपरेने मानलेले हे चार शरीरद्रव: उष्ण-स्निग्ध रक्त, उष्ण-रूक्ष पिवळे पित्त, शीत-रूक्ष काळे पित्त आणि शीत-स्निग्ध कफ. यांच्या प्रमाणावर माणसाची प्रकृती ठरे, आहार ठरे, ऋतुचर्या ठरे आणि रक्तमोक्षणाची वेळही. कर्कशा कॅथरिनाला नवरा जळके, कोरडे मांस खाऊ देत नाही. का, तर त्याने पित्त वाढून क्रोध वाढतो आणि दोघेही मुळातच तापट! आपल्याकडे हेच नाटक ‘त्राटिका’ या नावाने रंगभूमीवर आले. पथ्यापथ्याचा हा संवाद ऐकताना आपल्या वडीलधाऱ्या मंडळींना काहीच परके वाटले नसेल.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. साम्य दिसले की ‘हे त्यांनी आपल्याकडूनच उचलले’ असे म्हणून टाळ्या घेण्याची सवय आपल्या व्यासपीठांना आहे. वस्तुतः भेद पाहणे अधिक उद्बोधक ठरते. त्यांच्या चौकडीत वात नाही. शीत आणि रूक्ष हे गुण त्यांनी काळ्या पित्ताला दिले, आपण ते वायूला दिले. आपल्याकडे रक्त हा धातू. तरीही सुश्रुताने दोषांच्या जोडीला शोणित चौथे मोजले, हे पदवीच्या पहिल्या वर्षातच आपण शिकतो आणि नंतर विसरतो. चार ह्यूमरांचा तक्ता समोर ठेवून सुश्रुताचे ते स्थळ विद्यार्थ्यांना शिकविले तर तासभर वर्ग जागा राहील, हा माझा स्वानुभव आहे.

मात्र ते प्रदर्शन ज्या विचाराची मांडणी करते तो विचार तेथील वैद्यकाने केव्हाच सोडून दिलेला आहे. त्यांच्या दृष्टीने तो इतिहास. आपल्याकडे दोषविचार रोज सकाळी दवाखान्यात नाडीवर बोट ठेवण्यापासून सुरू होतो. म्हणजे आपली पोथी हा अवशेष नव्हे, वापरातले शास्त्र होय. मग वापरातल्या शास्त्राची पोथी आपण अवशेषासारखी का मांडतो? त्यांनी मृत मानलेला विचार चारचौघांत बोलता केला, आणि मी जिवंत विचाराची पोथी मखमलीवर निजवली. ही टोचणी मला पुष्कळ दिवस पुरली.

आता त्या ८२ प्रतींचा खुलासा. फर्स्ट फोलिओच्या कोणत्याही दोन प्रती तंतोतंत सारख्या नाहीत. छपाई चालू असतानाच मुद्रिते तपासली जात, चूक सापडली की यंत्र थांबवून खिळा बदलत आणि पुढे छापत. कागद महाग, म्हणून चुकीची पाने फेकून न देता तीही ग्रंथात बांधली जात. परिणामी एका प्रतीत शुद्ध पान, तर दुसरीत अशुद्ध. चार्ल्टन हिन्मन या अभ्यासकाने दोन प्रतींतील तेच पान आरशांच्या साहाय्याने आळीपाळीने डोळ्यांसमोर लखलखविणारे यंत्र बनविले. जेथे फरक असे तेथे अक्षर जागच्या जागी हलल्यासारखे दिसे. फोल्जरमधील पन्नासहून अधिक प्रती त्याने अशा ताडल्या आणि १९६३ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. खोडलेले अक्षर हेही साधन असते, हा त्यातला धडा माझ्या पुढे फार कामी आला.

आणखी एक हकिकत सांगण्याजोगी आहे. उत्तर फ्रान्समधील सेंतोमेर या लहान शहराच्या ग्रंथालयात २०१४ साली एक फर्स्ट फोलिओ सापडला. तो दडलेला नव्हता, सूचीत होता. पण आरंभीची पाने गहाळ असल्यामुळे ती अठराव्या शतकातील कोणती तरी आवृत्ती असावी अशी नोंद झाली होती. इंग्लंडशी असलेल्या संबंधांवर एक प्रदर्शन भरवायचे म्हणून तेथील ग्रंथपाल जुनी पुस्तके चाळीत होते, तेव्हा त्यांच्या हाती तो आला. म्हणजे प्रदर्शन भरण्यापूर्वीच त्याचे फळ मिळाले. आपल्या कपाटांत पहिले पान नसलेल्या किती पोथ्या आहेत, याचा विचार वैद्यबंधूंनी आपापल्या माळ्यावर चढून करावा.

या साऱ्या वाचनानंतर पुढच्या संमेलनात मी पुन्हा तोच संग्रह मांडला. या वेळी मखमल नाही, पाटी नाही. बासन सोडले आणि एकच पान उघडे ठेवले. पान निवडताना एक अवलेहाचा योग घेतला, कारण त्यात एक कोडे होते. पिंपळीच्या पुढे ‘मासे’ असे लिहून मूळ आकड्यावर हरताळ फासलेला आहे आणि त्यावर ६ लिहिले आहे. लेखनातील चूक झाकण्यासाठी हरताळाचा पिवळा लेप लावण्याची आपल्याकडील जुनी रीत, जिच्यावरून वाक्प्रचार रूढ झाला, ती येथे प्रत्यक्ष दिसते. लेपाचा एक टवका उडाल्यामुळे खालचा आकडा ओळखता येतो. तो ८ आहे.

हे कोडे मी विद्यार्थ्यांना वीस वर्षे सोडवून दाखवीत होतो. माझे उत्तर ठरलेले: आमचा मुलूख उष्ण, रुग्ण पित्तप्रधान, म्हणून अनुभवी वैद्याने तीक्ष्ण पिंपळीचे मान कमी केले. ‘देशकाल पाहून मात्रा’ या तत्त्वाचे घरचे उदाहरण म्हणून ते मी अभिमानाने सांगत असे.

तयारी साधीच होती. पानाची मोठी छायाप्रत भिंतीवर लावली. मूळ पान खिडकीपासून दूर ठेवले. जुन्या कागदाला सुमारे ५० लक्सहून अधिक प्रकाश नको, असा संग्रहालयांचा संकेत आहे आणि एकदा झालेली हानी पान मिटल्याने भरून येत नाही. हरताळ हे सोमलवर्गी विषद्रव्य. तेव्हा मूळ पानाला कोणी बोट लावू नये, थुंकी लावून पान उलटण्याची सवय तर सर्वस्वी वर्ज्य, हे आरंभीच सांगितले. (आपल्यातील किती जणांना ही सवय आहे हे त्या दिवशी कळले.) मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी पान मोठ्याने वाचले. टेबलावर खल, पिंपळी, गुंजांची बंद बाटली, एका दुकानातून मागून आणलेली जुनी पितळी वजने आणि शेजारी एक इलेक्ट्रॉनिक तराजू. विद्यार्थ्यांनी गुंजा तोलून पाहिल्या. कोणत्याही दोन एकसारख्या भरेनात. आपल्या शासकीय योगग्रंथाने गुंज १२५ मिलिग्रॅम, मासा १ ग्रॅम आणि तोळा १२ ग्रॅम असे व्यवहारासाठी ठरवून का दिले, हे त्यांना न सांगता उमगले.

गर्दी झाली म्हणणे अतिशयोक्ती होईल. पन्नासएक माणसे जमली, पण ती थांबली. मी आपले नेहमीचे उत्तर सांगितले आणि माना डोलल्या. तेवढ्यात मागे बसलेले एक वयोवृद्ध काष्ठौषधी व्यापारी उठून पुढे आले. तीन पिढ्यांचे दुकान, स्वतःचे शिक्षण जेमतेम शाळेपुरते. भिंतीवरचे पान त्यांनी जवळून पाहिले आणि विचारले, “वैद्यराज, हा मासा किती गुंजांचा?”

मी म्हणालो, “आठ गुंजांचा. बारा माशांचा तोळा.”

“तो आमचा, पेठेतला. तुमच्या पुस्तकातला?”

मी क्षणभर गप्प झालो. शार्ङ्गधराच्या मागध मानात मासा सहा गुंजांचा. हे मला पाठ होते आणि वीस वर्षांत या आकड्याशी ते जोडून पाहण्याचे सुचले नव्हते. सहा गुंजांचे आठ मासे म्हणजे ४८ गुंजा. आठ गुंजांचे सहा मासे म्हणजेही ४८ गुंजा. अर्धा तोळा.

“आकडा बदलला, पिंपळी नाही बदलली,” ते शांतपणे म्हणाले. “पुस्तकावरून उतरून घेताना आठ लिहिले असतील. मग चिठ्ठी घेऊन माणूस आमच्यासारख्याच्या दुकानी जाणार. दुकानदार आपल्या माशाने तोलणार, तर पिंपळी जास्त पडणार. म्हणून सहा केले.”

सभागृहात कोणी तरी हसले, मग टाळ्या झाल्या. मला मात्र घाम फुटला होता. ज्याला मी वैद्याची चिकित्सा समजत होतो, ती दुकानदाराच्या तराजूची काळजी होती. हा तर्क अंतिम आहे असा माझा दावा नाही. संग्रहातील इतर योगांतही अशीच दुरुस्ती आढळते का, हे पाहावे लागेल. आतापर्यंत तपासलेल्या पानांत आणखी दोन ठिकाणी हरताळाखाली आकडा आहे. एका ठिकाणी तो वाचता येत नाही. दुसऱ्या ठिकाणी १६ चे १२ केले आहेत, आणि तेथेही गणित जुळते.

वाचकांपैकी जे औषधी दुकानांचे मालक आहेत त्यांना येथे मुद्दाम विनंती करावीशी वाटते. ग्रंथप्रदर्शन हे महाविद्यालयांचे आणि पंडितांचे काम, अशी समजूत करून घेऊन आपण मागे बसू नये. जुनी वजने, मापे, खरेदीच्या चोपड्या, उसनवारीच्या वह्या, पुड्यांवरील छापील कागद, हे सारे आपल्याकडे आहे आणि पोथीतील अक्षराला अर्थ देणारे बरेचसे तेथेच आहे. फोल्जर ग्रंथालय डागडुजीनंतर जून २०२४ मध्ये पुन्हा उघडले, तेव्हा त्याने तळघरात ठेवलेल्या ८२ ही फोलिओ प्रती लोकांना दिसतील अशा मांडल्या. आपल्याला ८२ पोथ्या नकोत. एका तालुक्यात एक पान पुरे. मात्र त्या पानासमोर वैद्य, विद्यार्थी आणि तराजू धरलेला माणूस, तिघेही एकाच वेळी उभे राहावेत.

संमेलनानंतर आठवडाभराने ते व्यापारी माझ्या दवाखान्यात आले. रुग्णांची रांग संपेपर्यंत बाकावर बसून राहिले. मग पिशवीतून वर्तमानपत्रात बांधलेला एक गठ्ठा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. त्यांच्या आजोबांकडे कोणा वैद्याने उधारीपोटी ठेवलेला, पुढे कोणी सोडवून न नेलेला. वेखंडाचे तुकडे अजून आत होते. पहिले पान नव्हते. आम्ही दर गुरुवारी दुपारी एक पान वाचतो. अकरावे चालू आहे.